भुवड बाई आणि अचानक

परवा मारुती मंदिराकडच्या चढावर मी रस्त्याच्या मधोमध चाललो होतो. निवृत्त माणसाला रस्ता आपल्या तीर्थरूपांनी बांधल्यासारखा वाटतो. मागून रिक्षा आली, पण हॉर्न काही वाजला नाही. लांबूनच कोणीतरी हळू आवाजात म्हणालं, "काका, मागून रिक्षा येतेय हां. सावकाश बाजूला घ्या." मी बाजूला झालो, रिक्षा शेजारी आल्यावर आत डोकावलो आणि विचारलं, "भुवड बाईंच्या वर्गातला काय रे तू?"

तो बघतच राहिला. "कसा वळखलात?" म्हणाला. मग मला निरखून हसायला लागला. "अवो साळवी सर! शिट्टी खय टाकलीत?"

ओळखायला काय लागतं! बाईंची मुलं गावात अशीच ओळखू येतात. मागून येताना चपला घासत येतात. दाराशी आली की आधी खाकरतात. मच्छी मार्केटात एक जणी आहे, ती सुरमईवर कोयता मारण्याआधी गिऱ्हाइकाला सांगते, "तोडत्ये हां आता." शाळा सोडून या मुलांना किती वर्षं झाली. गणित विसरली असतील, कविता विसरली असतील, पण कोणाला दचकवायचं नाही हे काही विसरली नाहीत.

सुमन भुवड आमच्या शाळेत मराठी शिकवायच्या. मी खेळाचा मास्तर. माझा आवाज म्हणजे बंदरातला भोंगा, आणि गळ्यात शिट्टी. बाई बुटक्या, सावळ्या, सुती साडीतल्या. चालायच्या अशा की पायाखालच्या पाचोळ्यालाही कळू नये. पण स्वतः मात्र कधीही कोणाच्या पुढ्यात अवचित उगवल्या नाहीत. शिक्षकांच्या खोलीत शिरायच्या आधी व्हरांड्यातूनच म्हणायच्या, "येत्ये हो मी." खिडकी उघडायच्या आधी "उघडत्ये हां." आणि वर्गात, फळ्यासमोर उभं राहून, नाकाला पदर लावून अगदी गंभीरपणे, "मुलांनो, आता मी शिंकणार आहे." सगळा वर्ग श्वास धरून वाट बघायचा. कधी शिंक यायची, कधी यायची नाही. नाही आली की बाई पदर खाली घेऊन जाहीर करायच्या, "रद्द." आणि धडा पुढे चालू.

शाळेची घंटा म्हणजे रुळाचा एक तुकडा होता. आमचा शिपाई आधी त्याला नुसता दांडा टेकवायचा, मग हळू, मग जरा मोठ्याने, आणि शेवटी दणदणीत, अशी ती चढत्या सुराची घंटा. बाईंनीच त्याला तसं शिकवलं होतं. माझ्या शिट्टीचीही तीच गत. मी आधी त्यांच्या खिडकीसमोर जाऊन उभा राहायचो, शिट्टी तोंडाजवळ न्यायचो, बाई आतून मान हलवायच्या, आणि मग मैदानावर शिट्टी वाजायची. तोवर कबड्डीत बाद झालेला गडी पाणी पिऊन परत यायचा.

मी एकदा वैतागून म्हटलं, "बाई, तुम्हाला आवाजाचं एवढं वावडं, तर शाळेत कशाला आलात? देवळात राहायचं."

"देवळात घंटा असते, सर," त्या म्हणाल्या. "आणि मला आवाजाचं वावडं नाही. आवाजाचं काय नाय ओ, अचानकचं आहे."

हे खरं होतं. बाईंइतकं आवाजावर प्रेम करणारं माणूस मी पाहिलेलं नाही. फक्त तो लांबून यायला हवा. दुपारी सगळी शाळा सुस्तावली, आंब्याच्या सावल्या भिंतीवर डुलायला लागल्या की बाई मागच्या खिडकीशी उभ्या राहायच्या, डोळे अर्धे मिटून. "सर, ऐका. गाडी येतेय." मला काही ऐकू यायचं नाही. बऱ्याच वेळाने कुठेतरी डोंगरापलीकडे कोकण रेल्वे गुणगुणल्यासारखी व्हायची. त्यांना तिची चाहूल केव्हाच लागलेली असायची. खाडीतून परतणाऱ्या होडीचं इंजिन, घाटी उतरणारी एसटी, पलीकडच्या आळीत कोणी नारळ सोलतंय त्याचे ठोके. सगळं लांबून, हळूहळू जवळ येणारं. त्या खिडकीशी त्यांच्या शेजारी उभं राहिलं की माझ्यासारख्या भोंग्यालाही वाटायचं, बोलू नये. दुपार आपल्या अंगावरून सरकत्येय आणि आपण तिच्या तळाशी बसलोय, असं काहीसं व्हायचं.

असंच तिथे उभं असताना त्यांनी मला घरचं सांगितलं.

बाईंचं गाव लांज्याच्या अलीकडे, हायवे सोडून आत. गावात म्हणायचे की भुवडांच्या बायका धसक्याने जातात. आजी शिमग्यात गेली. घरोघर फिरणारी देवीची पालखी अंगणात आली, आजीच्या पाठीमागे एकदम ढोल कडाडला, आणि ती ओटीचं ताट हातात घेऊनच कोसळली. मग आत्या. दुपारची पडली होती, पडवीच्या पत्र्यावर नारळ पडला. पत्र्याला पोचा आला तेवढाच, पण आत्या उठली नाही. आजीचं बघून गावाने ठरवलं की या घरच्या बाईने आपल्यापुढे यावं हे देवीच्या मनात नाही. तेव्हापासून पालखी यायच्या दिवशी भुवडांच्या लेकींना व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे, नातेवाइकांच्या वाडीत नेऊन बसवायचे.

"मी आमच्या अंगणातली पालखी कधी बघितलीच नाय ओ, सर. पलीकडून ऐकलीय फक्त. व्हाळाच्या पाण्यावरनं ढोल येतो ना, तेवढीच माझी देवी." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मरायच्या आधी एकदा माझ्या हातानं माझ्या अंगणात तिची ओटी भरायचीय मला. बाकी काय मागणं नाय."

लग्न झालं नव्हतं. का, असं कोणी विचारलंच तर हसून सांगायच्या, "बँडवाल्यांना 'सांगून वाजवा' म्हणणारं सासर मिळालं नाही." हसण्यावारी न्यायची गोष्ट होती, आम्ही नेली. पण मला त्या दिवसापासून बाईंची फार माया वाटायला लागली, आणि शिट्टी मी आपणहून खिशात घातली.

मुलांना मात्र या सगळ्याचं दडपण कधी आलं नाही. एकदा बाईंनी चाचणीत 'काळजाचा ठोका चुकणे' याचा वाक्यात उपयोग करायला सांगितला. एका कार्ट्याने लिहिलं, 'आम्ही डबे हळू उघडले म्हणून बाईंच्या काळजाचा ठोका चुकला नाही.' बाईंनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले आणि तो कागद सगळ्या शिक्षकांना दाखवत फिरल्या.

पण डबे कायम हळू थोडेच उघडतात? एका उन्हाळी दुपारी, मुलं चित्रं काढत होती, वर्ग पेंगत होता, बाई खुर्चीत बसून लांबची गाडी ऐकत होत्या. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेला कोणाचा तरी स्टीलचा डबा वाऱ्याने की कशाने फरशीवर पडला. मी मैदानावरून तो आवाज ऐकला, आणि पाठोपाठ मुलांचं रडणं. धावत गेलो तर बाई खुर्चीतून खाली पडलेल्या, ओठ निळसर. मी ओरडून हाका मारणार होतो. पण इतक्या वर्षांच्या सवयीने मी गुडघ्यावर बसून हळूच म्हटलं, "बाई, मी आलोय हां."

त्यांनी डोळे उघडले. आधी माझ्याकडे, मग मुलांकडे पाहिलं. "कोणी दचकलं नाही ना?" असं विचारलं.

इथल्या डॉक्टरांनी छातीचा आलेख काढला, बराच वेळ पाहिला आणि मुंबईला जायला सांगितलं. गावाहून त्यांचे थोरले भाऊ, यशवंतदादा, आले. मला म्हणाले, "सर, तुमी चला संगती. तुमचा आवाज मोटा हाय. डाक्टरला जरा नीट इचारा."

मुंबईच्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी आलेखावरून बोट फिरवत विचारलं, "तुमच्या घरात कोणी अचानक गेलंय का?"

दादांनी मान खाली घातली. काहीतरी लाजिरवाणं कबूल करत असल्यासारखे म्हणाले, "व्हय. आमच्यात बायका धसक्यानं जातत. देवीचा काय तरी हाय."

मला वाटलं, आता ही शिकलेली मुलगी हसणार. ती हसली नाही. खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "शब्द बरोबर आहे, दादा. धसकाच आहे हा. फक्त देवीचा नाही."

मग तिने सांगितलं ते बाई पुढे मुलांना, शेजाऱ्यांना आणि बाजारात भेटेल त्याला आपल्या भाषेत सांगायच्या. "प्रत्येक ठोक्यानंतर काळीज पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला जरा वेळ घेतं. माझं जास्त घेतं. रेंगाळतं. पोर जेवून उठतंय, अजून हात धुवायचाय, आणि तेवढ्यात कोणी खेकसलं 'पळ!', तर ते धडपडेल नाहीतर काय? आपण दचकलो की नसा काळजाला हेच सांगतात, पळ. माझं बिचारं ठोका द्यायचं सोडून थरथरत बसतं. बहुतेक वेळा सावरतं. आजीचं सावरलं नाही, आत्याचं नाही." हे घराण्यातून येतं, आईबापांकडून मुलांकडे, असंही डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि दादांच्या मुलीचाही आलेख काढून घेतला. तो चांगला निघाला, तेव्हा बाईंनी दवाखान्यातच हात जोडले.

अशा दुखण्यावर ज्या गोळ्या देतात त्या बाईंना चालेनात, कारण त्यांना दम्याची खोड होती. मग ठरलं की डाव्या बाजूला, छातीत मणक्याशेजारून मज्जातंतूंची जी साखळी जाते, तिचा तुकडा कापायचा. काळजाला दटावणाऱ्या नसा जास्त करून तिथूनच जातात. "म्हणजे हुकूम पोचेल, पण ओरडून नाही पोचणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एक आहे. तुमच्या डाव्या हाताला आणि चेहऱ्याच्या डाव्या बाजूला घाम येणार नाही बहुतेक."

बाईंनी पदराने कपाळ पुसलं. मग म्हणाल्या, "आम्ही रत्नागिरीत राहतो हो. दोन्ही बाजूची कापता येईल का?"

ऑपरेशन झालं आणि खरंच तसं झालं. मे महिन्यात बाई वर्गात शिकवताना उजवा गाल घामाने निथळतोय आणि डावा कोरडा ठणठणीत, जणू एका बाजूने त्या महाबळेश्वरला होत्या. मुलं आळीपाळीने डावा हात धरून बघायची. बाई सगळ्यांना सांगायच्या, "लोकांची तार सटकते, माझी रीतसर कापलीय." तरीही 'येत्ये हो' सुटलं नाही. 'आता मी शिंकणार आहे' तर नाहीच. डॉक्टरांनी बजावलं होतं की भीती कमी झालीय, संपलेली नाही. आणि इतक्या वर्षांची सवय काय कोणी कापून देतं?

पण तपासणीला गेल्यावर त्यांनी ढोलाचं विचारलं. तिथे मी हजर होतो. डॉक्टरीणबाईंनी आलेख पुन्हा पाहिला. मग म्हणाल्या, "हो म्हणायची माझी छाती नाही. पण आवाज तुम्हाला आधीपासून ऐकू येत असेल, सावकाश वाढत असेल, आणि तुम्ही जरा लांब उभ्या असाल, तर मी नाही म्हणणार नाही." बाईंना तेवढं पुरलं.

शिमग्याला त्यांनी मला गावी बोलावलं. काजूच्या बोंडांचा गोडसर वास सगळ्या वाडीवर पसरला होता. कातळ दिवसभर तापून आता संध्याकाळच्या उन्हात विरघळल्यासारखा लाल दिसत होता. बाई नवी हिरवी साडी नेसून पडवीच्या पायरीवर बसल्या होत्या, डोळे अर्धे मिटून, शाळेच्या खिडकीशी असायच्या तशा. "अजून वरच्या वाडीत असतील," म्हणाल्या. "काहीच ऐकू येत नाय." बराच वेळ काहीच आलं नाही. नुसता वारा, आणि व्हाळाचं उरलंसुरलं पाणी. मला डुलकी लागणार असं वाटत होतं. बाई ओटीचं ताट आणायला आत गेल्या.

त्या परत उंबऱ्याशी आल्या तेव्हा पालखी अंगणात उभी होती.

अख्खी वाडी अनवाणी, श्वास रोखून आली होती. ढोल घोंगडीत गुंडाळलेला. पालखीचे घुंगरूसुद्धा फडक्याने बांधलेले. आपल्या सुमनला त्रास नको म्हणून त्या शहाण्या माणसांनी देवीला पहिल्यांदाच मुक्याने आणलं होतं, आणि आम्हाला कोणालाही सांगितलं नव्हतं.

बाई दचकल्या. ताट हललं, तांदूळ सांडले, त्यांनी एका हाताने खांब धरला. माझ्या काळजाचा ठोका चुकला, आणि हा काही वाक्यात उपयोग नव्हे. दादा "बाय! बाय!" करत पुढे झाले. बाई डोळे मिटून उभ्या होत्या आणि आम्ही सगळे त्यांच्या गळ्याशी हलणाऱ्या माळेच्या मण्यांकडे बघत होतो. पण त्या पडल्या नाहीत. कापलेल्या तारेने आपलं काम केलं होतं.

डोळे उघडले आणि बाई चिडल्या. मी त्यांना आयुष्यात तेव्हाच चिडलेलं पाहिलं. "मेल्यांनो, अशे चोरासारखे येतत काय?"

तुकाराम ढोलवाला रडकुंडीला आला. "बाय, तुज्यासाटीच बंद ठेवला ना गो."

"अरे, वाजत आला असतात तर मना लांबना कळला असता! आवाजाचा काय नाय रे, अचानकचा हाय. सगळ्यात अचानक काय असता, तर ह्यो असा मुका येना." मग आवाज खाली आला. "मी जन्मभर जो ढोल पलीकडना ऐकला, तोच बंद करून आणलात? जावा, व्हाळापर्यंत मागं जावा, आनि वाजवत या."

आता पंचाईत झाली. मानकरी म्हाताऱ्याने मान हलवली. आलेल्या दारातून पालखी मागे फिरत नाही. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी त्यानेच तोड काढली. पालखी अंगणात टेकवायची, आणि ढोल तेवढा मागे जाईल. त्याने हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बाय माजे आवशी, ह्या घरची लेक तुजा ढोल ऐकूक मागतेय. तिच्यावर तुजा कदीच कोप नव्हता, आमचीच समज खोटी. तिच्या पाठीशी ऱ्हा." आणि सगळ्या वाडीने, सुमनला दचकवायचं नाही म्हणून, कुजबुजत म्हटलं, "व्हय महाराजा." असं कुजबुजलेलं 'व्हय महाराजा' देवीनेही पहिल्यांदाच ऐकलं असेल.

तुकाराम ढोल घेऊन गेला. अंगणात देवीची चांदीची रूपं, म्हणजे मुखवटे, मावळतीच्या उजेडात शांत बसली होती आणि आम्ही सगळे देवीसकट वाट बघत होतो. मग बाई म्हणाल्या, "आला." मला काही ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने पाण्यावरून काहीतरी आलं, नुसत्या बोटांनी वाजवल्यासारखं. शाळेची घंटा सुरू व्हायची, तसं. तो आवाज व्हाळ ओलांडून शेताच्या मेरेवर आला, मेरेवरून काजूच्या बागेत शिरला, बागेतून अंगणाच्या दगडी गडग्याशी. ढोलावर टिपरी पडली, जोर वाढला. एकेक पाऊल, एकेक हात चढवत. मी बाईंकडे बघत होतो. त्यांचा हात छातीवर नव्हता, ताटावर होता. तुकाराम अंगणाच्या तोंडाशी आला तेव्हा ढोल असा घुमत होता की पडवीचे वासे थरथरले, आणि बाई आपल्या पायांनी पुढे गेल्या आणि त्यांनी देवीची ओटी भरली.

पुढच्या वर्षीच्या शिमग्याआधी बाई गेल्या. दुसऱ्याच दुखण्याने, काळजाचा काही संबंध नव्हता. अंथरुणावर पडून होत्या, माणसं भेटून गेली, ज्याला जे सांगायचं ते सांगून झालं. मी गेलो तेव्हा खोल गेलेल्या आवाजात म्हणाल्या, "सर, जात्ये हां मी आता." मी वेड्यासारखं म्हटलं, "बाई, रद्द म्हणा." त्या हसल्या. भुवडांच्या घरातली सांगून गेलेली ती पहिली बाई, असं दादा अजून अभिमानाने सांगतात, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

पण परवा त्या रिक्षावाल्याने विचारलं, "बाई शेवटच्या कश्या होत्या हो, सर?" तेव्हा मला अंथरूण नाही आठवलं. मला त्या अंगणात दिसल्या. ओटी भरून झाली, पालखी खांद्यावर चढली, ढोल आता त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर कडकडत होता. मी वाट बघत होतो की आता वळतील आणि म्हणतील, 'सर, आता मी रडणार आहे.' त्या काहीच बोलल्या नाहीत. कोणालाही काही न सांगता, अगदी अचानक, बाई रडायला लागल्या. घाम अर्ध्याच चेहऱ्याला होता. पाणी मात्र दोन्ही डोळ्यांना.